टॅब रात्रभर चार्जिंगला, तरी सकाळी साठच टक्के

कानामात्रा :

मंडळी, मदत हवी आहे. प्रश्न लांबलचक आहे. मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे तपशील गाळून लिहिणं जमत नाही. सांभाळून घ्या.

माझ्याकडे दहा इंची अँड्रॉइड टॅब आहे, चार वर्षं वापरातला. खोक्यावर बॅटरी ७००० एमएएच लिहिलंय. सगळी प्रुफं मी त्याच्यावरच वाचते, पेनानं खुणाही त्याच्यावरच करते. चार्जिंगची पिन टाइप-सी. गेले दीड-दोन महिने त्याचं चार्जिंग बिघडलंय, पण धड बंदही पडत नाही. बंद पडला असता तर एक घाव दोन तुकडे झाले असते.

परवा रात्री अकराला १४ टक्क्यांवर लावला. सकाळी सहाला पाहिलं तर ६०. पूर्वी संध्याकाळी लावला की झोपायच्या आधी शंभर होऊन मोकळा व्हायचा. दिवसा चार्जिंगला लावून वाचत बसले तर आणखीच गंमत. विजेचं चिन्ह दिमाखात दिसत असतं आणि आकडा मात्र उतरत असतो. काल एका तासात ४८ चे ४३ झाले, चिन्ह जागच्या जागी.

आणि हे तिसरं मला अजिबात कळलेलं नाही. मुलीच्या नव्या फोनचा चार्जर आहे, त्याच्या केबलला दोन्ही टोकांना टाइप-सी. तो टॅबला लावला तर टॅब ढिम्म. चिन्हसुद्धा उमटत नाही. तोच चार्जर, तीच केबल तिच्या फोनला लावली की फोन भराभर चार्ज. म्हणजे ताकदवान चार्जर चालत नाही आणि माझा जुना, चौकोनी तोंडाच्या केबलचा मरतुकडा चार्जर चालतो. हा कुठला न्याय?

रिस्टार्ट केला, अपडेट टाकलं, केबल बदलून पाहिली (जुनीही दोन मीटरची होती, नवीही दोन मीटरचीच घेतली, कारण माझं टेबल प्लगपासून लांब आहे). काडीचा फरक नाही. बॅटरी बदलू की टॅबच बदलू? टॅब बदलायचं मनात नाही, अर्धी वाचलेली प्रुफं त्यात आहेत आणि हातालाही त्याची सवय झालीय.

घाईघाई :

बॅटरी गेली. ४ वर्ष म्हणजे झालं तिचं आयुष्य. बदलून टाका, विषय संपला. आणि चार्जींगला लाऊन वापरत जाऊ नका, त्यानेच वाट लागते.

निवांत :

घाईघाई, थांब जरा. बॅटरी म्हातारी झाली की बहुतेकदा उलटं दिसतं. तिची साठवण कमी झालेली असते, म्हणून ती लवकर शंभर होते आणि लवकरच शून्यावर येते. आकडे उड्या मारतात, ३० वर असताना टॅब एकदम बंद पडतो. ताईंचं तसं काही होत नाहीये. त्यांचा टॅब संथपणे भरतोय आणि संथपणे उतरतोय. हे भांडं गळकं नाही, नळच बारीक आहे.

लावून वापरण्याचंही तसंच. वापरल्यानं बिघडत नाही, तापल्यानं बिघडतं. जाड कव्हरमध्ये घालून, उन्हात ठेवून, वर चार्जिंग आणि व्हिडिओ एकदम, असं केलं तर टॅब स्वतःच चार्जिंग मंद करतो, फार तापला तर थांबवतोही. लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगसाठी साधारण ० ते ४५ अंश सेल्सियस ही मर्यादा मानतात.

कानामात्राताई, चार गोष्टी सांगा. टॅब गरम होतो का? कधी ८० किंवा ८५ वर अडून बसतो का (बॅटरी जपण्याची सेटिंग चालू असेल तर तसं होतं, तो बिघाड नव्हे)? पिन लावताना टक् असा आवाज येतो का? आणि टॅब पालथा-उताणा सपाट टेबलावर ठेवून पाहा, डुगडुगत नाही ना? पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीनची कड सुटलेली दिसली, तर बाकीचं सगळं सोडा आणि चार्जिंग तिथेच थांबवा.

कानामात्रा :

गरम होत नाही. ८० वर अडायला आधी ८० ला पोचायला हवा. टेबलावर शहाण्यासारखा सपाट बसतो. टक् आवाजाचं मात्र विचारलंत म्हणून लक्ष दिलं. येत नाही. पिन मऊसर कशात तरी रुतल्यासारखी बसते आणि केसभर बाहेर राहते. मुलीच्या फोनला तीच पिन पूर्ण आत जाते. मी इतके दिवस याकडे पाहिलंच नव्हतं.

(घाईघाई, 'चार्जिंग'मधला 'र्जि' ऱ्हस्व. राहवलं नाही.)

सोल्डरवाला :

केसभर बाहेर राहते म्हणालात तिथेच बरंचसं उत्तर आलं. मी रोज हेच उघडत असतो. टॅब पिशवीत, उशीवर, पांघरुणावर फिरतो, पोर्टमध्ये कापडाची लव जाते, आणि प्रत्येक वेळी पिन ती लव आत ठासते. वर्षा-दोन वर्षांत तिचा नमदा होतो. बाहेरून पोर्ट स्वच्छच दिसतं, कारण घाण तळाशी दाबून बसलेली असते.

आता तुमच्या 'कुठला न्याय'बद्दल. हे समजून घेतलंत तर पुढचं तुमचं तुम्हीच शोधाल.

टाइप-सी पोर्टच्या मध्ये एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ संपर्कपट्ट्या. त्यांतल्या वीज आणणाऱ्या चार, परत नेणाऱ्या चार. म्हणजे त्यांतल्या एक-दोन नीट टेकल्या नाहीत तरी वीज कशीबशी पोचते. पण चार्जरशी 'बोलणाऱ्या' पट्ट्या मोजक्याच असतात. त्या टेकल्या नाहीत की बोलणं खुंटतं.

दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेला चार्जर आपणहून वीज सोडतच नाही. सीसी नावाच्या पट्टीवरून तो आधी चाचपतो, पलीकडे ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा बारीकसा भाग) आहे का. तो सापडला तरच ५ व्होल्ट सोडतो, आणि त्यापुढची ९ किंवा जास्त व्होल्टची बोलणीही त्याच पट्टीवरून होतात. पट्टी टेकली नाही म्हणजे चार्जरच्या लेखी पलीकडे कुणीच नाही. म्हणून टॅब ढिम्म.

जुना चौकोनी तोंडाचा चार्जर भोळा. प्लगमध्ये खोचला की ५ व्होल्ट कायम चालूच. तिथे किती वीज ओढायची हे टॅब ठरवतो, आणि ते ठरवण्यासाठी डेटाच्या दोन तारा तपासतो. चार्जरमध्ये त्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात (काही कंपन्यांची खूण वेगळी असते), त्यावरून टॅबला कळतं की हा कॉम्प्युटर नाही, चार्जर आहे, बिनधास्त ओढा. त्या ताराही टेकल्या नाहीत तर टॅब समजतो, आपण कुठल्या तरी कॉम्प्युटरला जोडलेलो आहोत. मग तो सभ्यपणे अर्ध्या अँपिअरवर थांबतो. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टची तीच मर्यादा.

आता तुमचेच आकडे घ्या. ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट. सात तासांत साडेसतरा वॉट-तास. १५ टक्के वाटेत उष्णतेत गेले असं धरू, उरले पंधरा. टॅब झोपेतही थोडं खातो, ते दोनेक. तुमची बॅटरी साधारण २७ वॉट-तासांची (७००० एमएएच म्हणजे ७ अँपिअर-तास, गुणिले बॅटरीचे सरासरी ३.८५ व्होल्ट). १३ भागिले २७ म्हणजे ४८ टक्के. तुम्ही १४ वरून ६० म्हणालात, म्हणजे ४६. आणि स्क्रीन चालू असताना दहा इंची टॅब सहज तीन-साडेतीन वॉट खातो, येतात जेमतेम दोन. म्हणून चिन्ह असूनही आकडा उतरतो. ५ व्होल्ट आले एवढंच ते चिन्ह सांगतं, किती अँपिअर येतायत ते सांगत नाही.

करायचं काय : टॅब पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडनं तासून चपटं करा. जिभेच्या वर आणि खाली जी फट आहे तिच्या कडेकडेनं आत घालून, तळाशी टेकवून, हळूच बाहेर ओढा. घाण बाहेर ओढायची, आत ढकलायची नाही. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. जीभ मोडली तर पोर्टच बदलावं लागतं, माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण सुई वापरूनच आलेले असतात. तोंडानं फुंकूही नका, थुंकीचा दमटपणा आत जातो. आणि जमलं तर यूएसबी मीटर मिळवा. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा ठोकळा असतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. त्यानं अंदाजपंचे थांबतं.

कानामात्रा :

मीटर शेजारच्या मुलाकडे निघाला. त्यानं वर 'मावशी, तुम्हाला कशाला?' असंही विचारून घेतलं.

सफाईच्या आधी मुद्दाम एक नोंद केली : ५.०८ व्होल्ट, ०.४६ अँपिअर. सोल्डरवाला, तुमचा अर्धा अँपिअर जवळजवळ तंतोतंत. प्रुफात एवढी कमी चूक सापडली की मी त्या लेखकाला फोन करून शाबासकी देते.

मग टूथपिक. पहिल्या तीन वेळा काहीच नाही. मला वाटलं, बोंबला, पोर्ट खरंच स्वच्छ आहे. चौथ्या वेळी करड्या रंगाची एक चकती निघाली, मसुराच्या डाळीपेक्षा लहान पण दाबून दाबून अगदी पुठ्ठ्यासारखी झालेली. टॅबच्या कापडी पिशवीचा रंगही करडाच. तिच्यामागून आणखी दोन तुकडे.

पिन लावली. टक्!

मीटर : ०.४७.

मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. एवढं सगळं करून अँपिअरचा शंभरावा भाग वाढला?

निवांत :

पिन उलटी करून लावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसते म्हणून आपण बाजू बघत नाही, पण केबलच्या पिनमध्ये सीसी आणि डेटाच्या तारा एकाच अंगाला असतात. सुलटी लावली तर त्या टॅबच्या जिभेच्या वरच्या पट्ट्यांना भिडतात, उलटी लावली तर खालच्यांना.

कानामात्रा :

उलटी लावली. ०.७८. पुन्हा सुलटी, ०.४७. पुन्हा उलटी, ०.७८. प्रत्येकी पाचदा केलं, वहीत लिहिलंय.

मग मुलीचा चार्जर आणला. सुलटी पिन, टॅब ढिम्म. उलटी पिन, चिन्ह आलं, आणि वीस मिनिटांत ८ टक्के चढले! (दोन्हीकडे टाइप-सी असल्यामुळे तिथे मीटर लावता आला नाही, म्हणून टक्केच मोजले.)

आता दोन प्रश्न. एका अंगाची पट्टी अजून टेकत नाही असाच याचा अर्थ ना? आणि चांगल्या अंगानंही जुन्या चार्जरवर ०.७८ च का? त्याच्यावर ५ व्होल्ट, २ अँपिअर असं छापलंय. छापलेल्यावर माझा तसाही फार विश्वास नसतो, पण निम्म्याहून कमी?

सोल्डरवाला :

पहिल्याचं उत्तर हो. त्या अंगाच्या पट्ट्या एक तर झिजल्यात किंवा त्यांच्यावर गंज चढलाय. टॅब कधी ओलसर हातानं, ओल्या पिशवीत, असं काही झालं होतं का? आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब चपट्या लाकडी काडीवर घेऊन त्या अंगावरून हलकेच फिरवा. टॅब बंदच असू द्या, आणि पूर्ण वाळल्याशिवाय काही लावू नका. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर तूर्त उलटी पिन लावून काम चालवा, त्यानं टॅबला काही इजा होत नाही.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या टेबलाच्या जागेत आहे. केबल दोन मीटरची म्हणालात. बारीक केबलीत वीज नेणारी तार बहुतेकदा २८ गेजची असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप), तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. वीज दोन मीटर जाते आणि दोन मीटर परत येते, म्हणजे चार मीटर, ०.८५ ओहम. एक अँपिअर ओढला तर जवळजवळ ०.८५ व्होल्ट तारेतच जिरतो आणि टॅबपाशी उरतात ४.२. टॅबमधली चार्जिंगची चिप साधारण साडेचारच्या खाली व्होल्टेज जाऊ लागलं की आपणच ओढणं कमी करते, नाहीतर चार्जर कोलमडेल. म्हणून ती पाऊण अँपिअरपाशी येऊन थांबली. तुमचा मीटर चार्जरच्या तोंडाशी आहे, तिथे त्याला ५ च दिसणार, घट केबलच्या पलीकडे होतेय.

आधी हे का कळलं नाही, तर टॅब अर्धाच अँपिअर मागत होता. तेवढं ती केबल कसंबसं पोचवत होती. तुम्ही केबल बदललीत तीही तितकीच लांब आणि तितकीच बारीक. एका दोषाखाली दुसरा झाकला गेला होता. घरात एखादी आखूड, जाडसर केबल असेल तर लावून पाहा.

घाईघाई :

मग बॅटरी बदलायची का नाही?

निवांत :

नाही रे बाबा.

रात्रपाळी :

धागा वाचतोय, मध्येच घुसतो. माझा टॅब सहा-सात महिने कपाटात पडून होता. आता लावला तर काहीच नाही, स्क्रीन काळीच. दहा मिनिटं वाट पाहिली. पोर्ट साफ आहे, केबल आखूड आहे. गेला का?

सोल्डरवाला :

दहा मिनिटं कमी आहेत. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरलेला असला की चिप त्याला पूर्ण वीज देत नाही, नेहमीच्या साधारण एक दशांश एवढीच देऊन आधी सावकाश वर आणते. तेवढ्यात स्क्रीन पेटवायलाही ताकद नसते. साध्या चार्जरवर दोन-तीन तास राहू द्या, पण तुमच्या डोळ्यांसमोर. झोपताना लावून ठेवू नका. फार दिवस पूर्ण उतरलेला सेल कधी कधी आतून खराब झालेला असतो. गरम वाटला किंवा पाठ फुगली तर लगेच काढा. तीन तासांत काहीच झालं नाही तर बॅटरीचं संरक्षक सर्किट तुटून बसलंय असं समजा. ते घरी ढोसू नका.

आणि पुढच्या वेळी कपाटात ठेवताना निम्मा चार्ज करून, पूर्ण बंद करून ठेवा.

रात्रपाळी :

दीड तासानं रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं, आता ६ टक्के. हात लावून बघतोय, गार आहे. आभारी आहे.

कानामात्रा :

उशिरा लिहितेय, मध्ये तीनशे पानांचं एक पुस्तक येऊन बसलं होतं.

मुलीच्या जुन्या फोनची वीतभर केबल सापडली. जुनाच चार्जर, उलटी पिन : १.७२ अँपिअर. दोन मीटरची केबल परत लावली : ०.७७. वीतभर परत : १.७२. मी प्रत्येक बदल एकेकटाच केला, कारण पहिल्यांदा चार्जर आणि केबल दोन्ही एकदम बदलून मीच घोळ घातला होता.

स्क्रीन बंद ठेवून १२ टक्क्यांवर लावला, चार तास दहा मिनिटांत ९८. शेवटचे पंधरा टक्के रांगत गेले, पण ते सगळ्याच लिथियम बॅटऱ्यांचं असतं असं शेजारचा मुलगा म्हणाला.

अल्कोहोलनं दुसरं अंग सुटलं नाही. सोल्डरवाला, तुम्ही ओल्या पिशवीचं विचारलंत. झालं होतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल होतं, टॅब वरून पुसून घेतला होता आणि विसरून गेले होते. पोर्टचा विचार डोक्यातही आला नाही.

वीतभर केबलीवर वाचणं अशक्य आहे, टॅब भिंतीला टांगल्यासारखा राहतो. लांब पण चालेल अशी केबल मिळते का? आणि हे उरलेलं अंगही गेलं तर?

सोल्डरवाला :

मिळते. लांबी नाही, तारेची जाडी बघा. काही केबलींवर बारीक अक्षरात गेज छापलेला असतो, २८/२४ असा. दुसरा आकडा वीज नेणाऱ्या तारेचा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. २४ गेजच्या तारेत मीटरमागे ०.०८ ओहमच रोध असतो, म्हणजे दीड-दोन मीटरही तुमच्या टॅबला पुरेल. छापलेलं नसेल तर मीटर आहेच, खोटं लगेच पकडलं जातं.

दुसरं अंग गेलं तर पोर्ट बदलायचं. पुष्कळ टॅबमध्ये चार्जिंगचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं, ते आख्खं बोर्ड बदललं की काम होतं. काहींमध्ये मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, ते वेळखाऊ आणि कौशल्याचं. दुरुस्तीला देण्याआधी तुमच्या टॅबमध्ये यातलं कुठलं आहे ते विचारून घ्या, आणि प्रुफं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

कानामात्रा :

प्रुफं उतरवली. पिनच्या चांगल्या अंगाला लाल नेलपॉलिशचं टिंब दिलंय, ते स्क्रीनच्या बाजूला आलं की बरोबर. मुलगी विचारत होती, इथे काय चुकलंय म्हणून.

२४ गेजची, एक मीटरची मिळाली. दीड मीटरची नव्हती. आकडा १.६६. टेबल भिंतीकडे सरकवलं.